अमेरिका शिकवणारी अमेरिकेला जाते

अकरा वर्षं मी लोकांना अमेरिका शिकवली आणि बाराव्या वर्षी ती पाहायला गेले. पुण्याच्या खराडीत हे चालतं.

आमची कंपनी अमेरिकेतल्या एका विमा कंपनीचे फोन घेते. तिकडे गारपिटीने कुणाचं छप्पर फुटलं किंवा कुणाच्या गाडीला हरीण धडकलं, की तो माणूस फोन करतो आणि तो फोन इकडे चौथ्या मजल्यावर बार्शीचा नाहीतर संगमनेरचा एखादा मुलगा उचलतो. या मुलामुलींना फोनवर बसवायच्या आधी 'अमेरिकन माणूस' समजावून सांगायचा, हे माझं काम. त्यासाठी माझ्याकडे बारा स्लाइड आहेत. अमेरिकन माणसाला वेळ मोलाचा असतो. तो सरळ बोलतो, आडवळण घेत नाही. त्याला खाजगी प्रश्न विचारलेले चालत नाहीत. त्याच्या घरी कुणी न सांगता जात नाही. आणि सहावी स्लाइड: तिकडे मुलं अठराव्या वर्षी घर सोडतात आणि आईवडील म्हातारे झाले की वृद्धाश्रमात जातात. या स्लाइड मला माझ्या आधीच्या ट्रेनरने दिल्या होत्या, त्याला त्याच्या आधीच्याने. त्या दोघांपैकीही कुणी गेलेलं नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं.

यंदा तिकडून तक्रार आली. तुमची माणसं कागद वाचून दाखवल्यासारखी बोलतात, त्यांना शिकवतं कोण, त्या व्यक्तीला आठवडाभर इकडे पाठवा. आमच्या साहेबांनी दार लावून घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं, की काम दुसऱ्या देशात हलवायचं तिकडे घाटतंय. म्हणजे बेचाळीस माणसं घरी. "प्रज्ञा, सांभाळून," एवढंच ते म्हणाले.

मिलिंद, माझा नवरा, कोथरूडच्या एका शाळेत भूगोल शिकवतो. तो म्हणाला, "जा, आणि खरंच आहे का ते एकदाचं बघून ये. मीसुद्धा नकाशावरच पाहिलीय."

आमच्या सोसायटीतल्या लेले काकांचा मुलगा न्यू जर्सीत असतो. काका तीनदा जाऊन आलेत. ते मुद्दाम घरी आले. "तिथे माणसं नसतात हो, गाड्या असतात," ते म्हणाले. "कुणी कुणाला विचारत नाही." तीन खेपांमध्ये ते कुणाकुणाला भेटले हे मी सहज विचारलं. त्यांनी नावं सांगितली. सगळी मराठी होती.

रविवार

आयोवा राज्यात उतरले तेव्हा मी आले होते, पण माझी बॅग आली नव्हती. बाहेर रे उभा होता, तिकडच्या ऑफिसातला माझा यजमान, क्लेम विभागाचा प्रमुख. सहा फुटांच्या वर उंची, डोक्यावर टोपी, पोटावर मोठं चकचकीत बक्कल आणि उघड्या हौद्याची अवाढव्य गाडी. सिनेमातला अमेरिकन जसाच्या तसा समोर उभा राहिल्यावर मला तर बरंच वाटलं. निदान एक स्लाइड तरी खरी निघाली.

दीड तासाचा रस्ता, दोन्ही बाजूंना वाळलेला मका. क्षितिजापर्यंत मका, त्याच्या पलीकडेही बहुधा मकाच. शेतात माणूस दिसेना. इतकी जमीन आणि खुरपणारं कुणीच नाही, हे बघून मला उगाचच एकटं वाटलं.

वाटेत रे मोकळेपणाने बोलत होता. त्याच्याकडे चार बंदुका आहेत हे त्याने आपण चार भाडेकरू सांगावेत तसं सांगितलं. मग म्हणाला, "खरं सांगू का, या देशात बाहेरून येणारे लोक फार झालेत."

मी म्हटलं, "मीही बाहेरूनच आलेय."

"तू परत जाणार आहेस," तो म्हणाला. त्यात कडवटपणा नव्हता. हिशेबातली बाब सांगावी तसं तो बोलला.

मला राग यायला हवा होता. पण 'बाहेरचे लोक फार झालेत' हे वाक्य पुण्यात मी आठवड्यातून दोनदा ऐकते, आणि म्हणणारी माणसं तेवढ्यातच पाण्याचा तांब्याही हातात देतात. दुसऱ्या दिवशी बॅग आल्याचा फोन आला, तेव्हा हाच रे कामावरून उठून दीड तास गेला, दीड तास आला आणि बॅग खांद्यावर टाकून थेट माझ्या खोलीपर्यंत वर घेऊन आला. बाहेरच्या लोकांबद्दलचं त्याचं मत मात्र आठवडाभर तेच राहिलं. या माणसाला कुठल्या स्लाइडवर बसवायचं, हे मला अजून उमगलेलं नाही.

डोनाचं घर

गावातलं एकुलतं हॉटेल दुरुस्तीसाठी बंद होतं, म्हणून ऑफिसने माझी सोय डोनाकडे केली होती. डोना बहात्तर वर्षांची. तीस वर्षं तिने शाळेची बस चालवली होती. दंड अजून माझ्यापेक्षा भक्कम.

इथे एक अडचण सांगून ठेवते. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू'. पण एवढ्या मोठ्या बाईला मनातल्या मनातसुद्धा 'तू' म्हणणं मला जमेना. त्यामुळे माझं तिच्याशी झालेलं बोलणं मी इथे 'तुम्ही' लावूनच लिहिणार आहे.

डोनाने माझ्यासाठी फार तयारी केली होती. कार्यालयाने तिला आधी कळवलं होतं की पाहुणी भारतातली, धर्माने बौद्ध. खोलीच्या कोपऱ्यात तिने एक नवीकोरी उशी ठेवली होती.

"ही कशाला?" मी विचारलं.

"तुझ्या ध्यानासाठी. आणि काळजी करू नको, सकाळी आठपर्यंत आम्ही घरात आवाज करणार नाही."

आम्ही बौद्ध आहोत हे खरं. माझ्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, घरात वंदना होते. पण आमच्याकडची सकाळ शांत असते असं ज्याला वाटतं, त्याने माझ्या सासूबाईंचा मिक्सर ऐकलेला नाही. मी डोनाला हे सांगायला हवं होतं. मी हसून "थँक यू" म्हटलं आणि सगळा आठवडा त्या उशीवर कपडे ठेवले.

तिची दुसरी तयारी जेवणाची होती. भारतीय म्हणजे शाकाहारी, असं तिने धरलं होतं. रविवारी रात्री उकडलेली फरसबी, सोमवारी उकडलेलं गाजर, मंगळवारी हिरव्या फ्लॉवरसारखं काहीतरी, तेही उकडलेलंच. मीठ वेगळं. माझ्या शेजारी बसून ती स्वतः डुकराच्या मांसाचा असा तळलेला तुकडा खायची की तो पावाच्या चारी बाजूंनी बाहेर लोंबत असे. मी वासावर जेवत होते. "आवडलं ना?" ती विचारायची. "खूपच," मी म्हणायचे. सरळ बोला, आडवळण नको, असं अकरा वर्षं पोरांना बजावणारी मी.

घरात तिसरी व्यक्ती होती, रूथ. एक्क्याण्णव वर्षांची, हाडांची जुडी, खिडकीपाशी खुर्चीत बसलेली. तिला मी नवी नर्स वाटत होते. डोनाला ती दिवसभर शिव्या घालायची. चहा गार आहे, मोजे उलटे आहेत, तू माझी पर्स चोरलीस. डोना ऐकून घ्यायची आणि मधूनच एखादी शिवी परतही द्यायची.

"तुमची आई का?" मी पहिल्याच रात्री विचारलं.

"नाही. माझ्या नवऱ्याची."

"आणि ते?"

"तो फ्लोरिडात असतो, दुसऱ्या बायकोबरोबर. आमचा घटस्फोट होऊन बावीस वर्षं झाली."

मी चमचा खाली ठेवला. नवरा सोडला आणि सासू ठेवली? आमच्या सोसायटीत उलटी इच्छा असणाऱ्या निदान चार बायका मी दाखवू शकते. डोनाने माझा चेहरा वाचला.

"मी त्याला सोडलं," ती म्हणाली. "हिने माझं काय वाकडं केलं होतं?"

मंगळवार, ऑफिस

ऑफिसात रेच्या शेजारी बसून मी फोन ऐकत होते. एका बाईचा फोन आला. वादळात गोठ्याचं छप्पर गेलं होतं. खराडीत अशा फोनला सहा मिनिटं दिलेली असतात. सातव्या मिनिटाला पडद्यावर लाल रंग येतो आणि दिवसअखेर माझ्याकडे नाव येतं. रेने पहिल्यांदा विचारलं, गाई ठीक आहेत ना. मग कुत्रं कुठे होतं. मग ती बाई नवऱ्याबद्दल बोलायला लागली. तो मार्चमध्ये गेला होता. छप्पर त्यानेच घातलं होतं. रे "हं" म्हणत राहिला. फोन चोवीस मिनिटं चालला, त्यात छपराचं बोलणं तीन मिनिटांचं.

"ती तुमच्या ओळखीची आहे का?" मी विचारलं.

"नाही. का?"

पण पुढचाच फोन एका माणसाचा होता. त्याने नंबर सांगितला, नुकसान सांगितलं आणि "बाकी काही नको" म्हणून दीड मिनिटात संपवला. अगदी माझ्या स्लाइडवरचा माणूस. मला जरा हायसं वाटलं, आणि तसं वाटल्याची थोडी लाजही वाटली.

बुधवार

बुधवारी दुपारी डोनाने पिशवीतून दुधी भोपळ्याच्या नात्यातलं काहीतरी काढलं आणि उकळायला पाणी ठेवलं. माझा बांध फुटला.

"डोना, मी कोंबडी खाते. मटण खाते. अंडी, मासे, सगळं खाते."

ती हातात सुरी घेऊन तशीच उभी राहिली. "पहिल्या दिवशी का नाही बोललीस?"

"तुम्ही एवढं मनापासून करत होतात."

"मनापासून? पोरी, मला भाज्या उकडायचा भयंकर कंटाळा आहे!"

मग बॅगेतला काळा मसाला निघाला आणि मी कोंबडीचा रस्सा करायला घेतला. तेल तापवलं, लसूण टाकला, मसाला टाकला, आणि छतावरचा धुराचा भोंगा असा कोकलायला लागला की मी झारा टाकून ओट्यापासून मागे पळाले. डोना खुर्चीवर चढून टॉवेलने वारा घालतेय, मी खिडकी उघडायचा प्रयत्न करतेय, ती उघडत नाहीये. रूथ मात्र कानांवर हात ठेवून खदखदा हसत होती. आठवड्यात मी तिला पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

तेवढ्यात शेजारचा म्हातारा आग विझवायचं लाल नळकांडं घेऊन मागच्या दाराने थेट स्वयंपाकघरात. ना बेल, ना फोन. आग नाही म्हटल्यावर त्याने नळकांडं कोपऱ्यात ठेवलं, खुर्ची ओढली आणि पातेल्यात डोकावून विचारलं, "हे काय आहे?" तो जेवूनच गेला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, तरी दोनदा वाढून घेतलं. रूथने पाव रश्श्यात बुडवून खाल्ला आणि डोनाला म्हणाली, "ही नर्स ठेव. तू जा."

गुरुवार

गुरुवारी दुपारी रे म्हणाला, "उद्या सगळ्यांसमोर दाखव, तुम्ही आमच्याबद्दल काय शिकवता ते."

आपल्या पाठीमागे आपल्याबद्दल काय बोलतात हे कुणालाही पडद्यावर मोठ्या अक्षरांत दाखवायचं नसतं. संध्याकाळी डोनाच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून मी स्लाइड मऊ करायला बसले. 'सर्व' काढून 'काही' घाल, 'नेहमी' काढून 'कधी कधी' घाल. डोना रूथला सूप भरवत होती.

"काय करतेस? दाखव."

मी दाखवलं. तिसऱ्या स्लाइडला ती हसली, चौथीला आणखी हसली. सहावी आली तेव्हा हसली नाही. चष्मा नाकावर घेऊन तिने ती पुन्हा वाचली. तिच्या एका हातात सुपाचा चमचा तसाच होता आणि रूथ तोंड उघडून वाट पाहत होती.

"माझ्या बहिणीने आमच्या आईला वृद्धाश्रमात ठेवलं होतं," डोना म्हणाली. "आई तिथे आनंदात होती. पत्ते खेळायची, एक मित्रही केला होता. मरेपर्यंत मजेत. आणि ही इथे माझ्याकडे आहे, रोज रडते, रोज मला चोर म्हणते. आता सांग, आमच्यातली चांगली कोण? तू काय लिहिशील?"

माझी स्वतःची आई स्वारगेटजवळ एकटी राहते. भाऊ हडपसरला, मी कोथरूडला. दोघंही आठवड्यातून एकदा जातो आणि एरवी फोन करतो. हे काही स्लाइडवर नाही. आपल्याला ते 'आईला स्वतंत्र राहायला आवडतं' असं म्हणता येतं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

"मग तेच सांग उद्या," डोना म्हणाली आणि चमचा रूथच्या तोंडात दिला. "आणि ते 'काही' आणि 'कधी कधी' काढून टाक. खोटं लिहायचंच तर ठणठणीत लिहावं."

शुक्रवार

वीसेक माणसं होती. मी जुन्या स्लाइड जशाच्या तशा दाखवल्या. आधी सांगितलं, की हे शिकवणारी मी या रविवारपर्यंत इथे आलेच नव्हते. सुरुवातीला हशा पिकला. सहाव्या स्लाइडला मागच्या रांगेतली एक बाई उठून बाहेर गेली. नंतर कळलं, तिने गेल्याच आठवड्यात वडिलांना वृद्धाश्रमात ठेवलं होतं. मी तिला गाठून माफी मागितली. ती म्हणाली, "ठीक आहे." ते ठीक नव्हतं, हे मलाही कळलं.

मी बोलायचं थांबले तेव्हा रेने खाकरून घसा साफ केला. "आमच्याकडेही एक पान आहे," तो म्हणाला. "तुमच्याबद्दल."

त्याने ते पडद्यावर लावलं. भारतीय माणूस 'हो' म्हणाला तर त्याचा अर्थ 'नाही' असू शकतो. भारतीय माणूस शाकाहारी असतो. त्याला घड्याळ कळत नाही. तो कुटुंबासाठी काहीही करतो. अशा सात ओळी. मी मोठ्याने मोजल्या: माझ्या बाबतीत दोन खऱ्या होत्या आणि पहिली तर शंभर टक्के, कारण मी तीन दिवस हसतमुखाने उकडलेल्या भाज्या खाल्ल्या होत्या. हे सांगितल्यावर पुन्हा हशा झाला, पण या वेळी तो दोन्हीकडून होता.

मग मी मला जे सांगायचं होतं ते सांगितलं. माझी मुलं कागद वाचतात, कारण मी त्यांना कागद दिलाय. त्यातला एक मुलगा तुमच्या त्या गोठ्यावाल्या बाईला तिच्या कुत्र्याबद्दल विचारू शकतो. त्याच्या घरी दोन आहेत. पण सातव्या मिनिटाला त्याच्या पडद्यावर लाल रंग येतो, आणि तो रंग तुम्ही ठरवलाय. रेने वहीत काहीतरी लिहून घेतलं.

निर्णय व्हायला महिना लागला. फोनचं काम आमच्याकडे राहिलं, वेळेची मर्यादा गेली. ग्राहकांच्या ईमेलना उत्तरं द्यायचं आमचं काम मात्र दुसऱ्या देशात गेलं आणि नऊ जणांना दुसरीकडे सामावून घ्यावं लागलं. सगळं छान झालं असं मी म्हणणार नाही.

पुणे

जानेवारीत एका रविवारी सकाळी रेचा निरोप दिसला: रूथ बुधवारी गेली. इकडे साडेसात वाजले होते, म्हणजे तिकडे शनिवारच्या रात्रीचे आठ. मी फोन घेऊन गच्चीत गेले आणि डोनाला लावला.

तिने उचलला. मृत्यूचा क्लेम आला तर काय म्हणायचं, याची चार वाक्यं मी कितीतरी बॅचेसकडून पाठ करून घेतली आहेत. चारही वाक्यं माझ्या जिभेवर होती आणि एकही बाहेर पडेना.

आपल्याकडे कुणी गेलं की लोक भेटायला जातात. चपला काढून आत बसायचं, जरा वेळ गप्प राहायचं आणि मग विचारायचं, "काय झालं?" घरचं माणूस त्या दिवशीच्या सकाळपासून सांगायला लागतं. अर्ध्या तासाने दुसरं कुणी येतं, ते विचारतं आणि सगळं पुन्हा सकाळपासून. लहानपणी मला याचा राग यायचा. माहीत असलेलं पुन्हा पुन्हा का विचारतात?

"डोना," मी म्हटलं, "काय झालं? मला सगळं सांगा. सकाळपासून."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"मंगळवारी सकाळी तिने अंडं मागितलं," डोना म्हणाली. "मी उकडून दिलं. तर म्हणाली, तळून दे. तळून दिलं तर म्हणाली, हे माझं अंडंच नाही, माझं तू खाल्लंस."

"मग?"

"मग मी म्हटलं, हो, खाल्लं, आणि चविष्ट होतं." ती हसली, आणि हसताहसता तिचा आवाज फुटला. काही वेळाने ती म्हणाली, "माझ्या फ्रिजमध्ये लोकांनी आणलेले बटाटा आणि चीजचे सात ट्रे आहेत. सगळं गाव येऊन गेलं. माणसं फार चांगली आहेत. पण हे कुणी विचारलं नाही बघ."

खाली सोसायटीत गाड्या धुतल्या जात होत्या. मिलिंद चहा घेऊन वर आला, माझ्याकडे पाहिलं, कप कठड्यावर ठेवला आणि खाली गेला. मी पाण्याच्या टाकीला टेकून खाली बसले.

"मग?" मी विचारलं.